फांद्यांची कोरफड

सांगायला बसले की मला आधी ते फूलच सांगायचं असतं, आणि मग ऐकणाऱ्याला काही उमगत नाही. नातवंडं म्हणतात, आजी, तू गोष्ट शेपटाकडून धरतेस. बरं बाई, तोंडाकडून धरते.

आमचं घर ठाण्याला, तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे पडवी आणि पडवीपलीकडे परस. घरात माणसं चार. मामंजी, सासूबाई, आमची स्वारी आणि मी. वन्सं कल्याणला दिलेल्या. मामंजी शाळेत मास्तर होते. पेन्शन घेऊन घरी बसले तरी घराची शाळा त्यांनी सोडली नव्हती. स्वारी कल्याणच्या मालधक्क्यावर कारकून. सकाळच्या गाडीनं जायचं, दिवेलागणीला परत यायचं. आणि मी सोळा-सतरा वर्षांची, तापट डोक्याची, माहेरी सगळ्यांवर आवाज चढवून आलेली. इथे मात्र आवाज पदराच्या गाठीत बांधून ठेवावा लागे.

त्या घरात माझं एकही म्हणणं कधी खरं ठरलं नाही. मी म्हणावं, आभाळ भरून आलंय, पापड आत घेते. मामंजी म्हणायचे, आज पाऊस नाही. पाऊस यायचा, पापड भिजायचे, आणि मग तेच म्हणायचे, सूनबाईंनी सांगायचं नाही का! मी चुलीपुढे बसून लाकडांवर राग काढायची. दुसरं काय करणार? एक तरी गोष्ट अशी हवी होती की जिच्यापुढे सगळ्या घरानं म्हणावं, ही म्हणत होती ते बरोबर होतं. एवढीच माझी हौस होती. हसू नका, त्या वयात ती फार मोठी वाटायची.

मंगळवारी नि शुक्रवारी बाळकुमहून एक भाजीवाली यायची. तिचा नवरा कचेरीकडच्या एका साहेबाच्या बंगल्यावर बागेला पाणी घालायचा. चैत्राचे दिवस होते. तिनं पाटी उतरवली, आणि वांग्यांच्या खालून ओढून काढलं ते!

"गो बाय, मडम चालली विलायतेला. बागेतले हे दोन दांडे टाकाचे होते. तुना झाडांचा नाद, म्हनून आनले."

दांडे दोन होते. अंगठ्याहून जाड, लाकडासारखे, जुनी पानं गळल्याची वळी अंगावर. प्रत्येकाच्या टोकाला पानांचा गुच्छ. पानं निमुळती, बाहेर वळलेली, राखट हिरवी, कडेला बारीक दाते. मी एका पानाचं टोक मोडलं. आधी पिवळा चीक आला आणि मग आतून तो गार, पाण्यासारखा गर. मी नाकाशी नेलं. अगं बाई! माझ्या आईच्या हाताचा वास! आई भाजलं-पोळलं की हाच गर लावायची. मी ओरडलेच, "कोरफड! ही कोरफड आहे!"

ओरडणं ओटीपर्यंत गेलं. मामंजी उठून आले, दांडा हातात न घेता काठीनंच उलटासुलटा केला. "कोरफड जमिनीसरसी बसते. तिला खोड नसतं, फांद्या नसतात. हे काहीतरी निवडुंग आहे."

संध्याकाळी स्वारी आली. तिनं तर एका नजरेत निकाल लावला. "अगं, हे घायपात. ठाण्यापासून कल्याणपर्यंत रुळांच्या दोन्ही अंगांना कुंपण म्हणून हेच लावलंय. रोज बघतो मी."

"रोज बघता, तर उद्या एक पान घेऊन या," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

आणलं बरं का, स्वारीनं! हात ओरबाडून घेऊन, पानाला रुमाल गुंडाळून आणलं. मी पडवीत दोन्ही पानं ठेवली आणि विळीवर चिरली. घायपाताच्या पानातून दोरेच दोरे निघाले, ओढावेत तेवढे. माझ्या पानात दोरा नाही, नुसता गर. मी विजयानं वर पाहिलं. स्वारी म्हणाली, "कोवळं असेल." मामंजी म्हणाले, "पान चिरून जात ठरत नाही. फुलू दे, मग बघू." झालं! पुन्हा माझं खोटं.

सासूबाई तेवढ्यात आल्या, उभ्या राहिल्या. त्या कमी बोलायच्या. "परसात काटे नकोत," एवढंच म्हणाल्या, आणि माझ्या हातातला पानाचा चिरलेला तुकडा टाकायला म्हणून घेऊन गेल्या.

पण लावू नको असं कुणी म्हटलं नव्हतं. मी त्याच दिवशी एक दांडा विहिरीच्या ओल्या मातीत खोचला नि रोज तांब्याभर पाणी घातलं. तुळशीला घालतो तसं, प्रेमानं. दहा दिवसांत बुडाशी काळा पडला आणि हात लावल्यावर गळ्ळकन आडवा झाला. आत सगळं कुजलेलं. मी रडले की काय विचारू नका. दुसरा दांडा रागानं पडवीतल्या फळीवर, सरपणाच्या मागे फेकला आणि विसरले.

तीन आठवड्यांनी सरपण काढताना हाताला काही टोचलं. ओढून पाहते तर तोच दांडा! पाण्याचा थेंब नाही, मातीचा कण नाही, आणि मोडलेली जागा सुकून खपली धरलेली, त्या खपलीतून पांढऱ्या मुळ्या बाहेर आलेल्या! मी तिथेच उड्या मारल्या. म्हणजे हिला पाणी नको होतं, आधी जखम सुकवायला सवड हवी होती. मी उगीच पाणी पाजून पाजून मारलं होतं की पहिलीला.

या खेपेला शहाणपण आलं होतं. परसाच्या उंच कोपऱ्यात, उगवतीला, मुरूम आणि फुटक्या कौलांचे तुकडे घालून ढीग केला, त्यावर दांडा लावला. पाणी आठवड्यातून एकदा, तेही चूळभर. आपल्याकडचा पाऊस म्हणजे काय सांगायला नको. पावसाळाभर बुडाशी कौलं तिरकी लावून ठेवली, पाणी बाहेर जावं म्हणून. आणि लागली हो लागली! बुडातून एक फांदी, मग दुसरी. दुसऱ्या पावसाळ्यात तर ती माझ्या कमरेला आली, पाच तोंडांची झाली. त्याच पावसात विहिरीकाठची सासूबाईंची नेहमीची कोरफड, चांगली जुनी, सगळीच्या सगळी सडून गेली. माझी कौलांवर ठणठणीत होती. हे मी दोनदा मोठ्यानं बोलूनही दाखवलं.

फूल मात्र नाही. दसरा झाला, दिवाळी झाली, फूल नाही.

दिवाळीनंतर मामंजींनी गाय घ्यायचं ठरवलं. गोठा कुठे, तर परसाचा उंच कोपरा. माझाच! मी धीर करून उंबऱ्याशी उभी राहिले आणि म्हटलं, "तिथे कोरफड आहे." मामंजी हसले. वाईट नाही हसले, पण हसले. म्हणाले, "असं करू. संक्रांतीपर्यंत फुलली तर कोरफड, आणि जागा तुझी. नाही फुलली तर घायपात, आणि घायपात उपटून गोठा." स्वारीनं पानाला चुना लावता लावता मान डोलावली. मी म्हटलं, "चालेल." आता रोज उठून मी पाचही तोंडांत डोकावू लागले. चूळ भरायच्या आधी कोरफड! पण पानांपलीकडे काही दिसेना.

तशात वन्सं पहिल्या बाळंतपणाला आल्या.

मार्गशीर्षातली गोष्ट. मी त्या दिवशी बाहेरची होते. पडवीच्या टोकाला कांबळं टाकून बसायचं, कुणाला शिवायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, चौथ्या दिवशी न्हायचं. दुपारची जेवणं उरकत होती तोच वन्संच्या कळा सुरू झाल्या, दिवस भरायला वेळ होता तरी. एकच धांदल! सुईण आली, शेगडी पेटली, पाणी तापलं. बाळंतिणीची खोली पडवीलाच लागून होती, तिचं दार माझ्या समोर. मी लांबूनच वन्संचं कण्हणं ऐकत होते आणि देवाला हात जोडत होते.

सासूबाई बाहेर आल्या. हातात कोयता. परसात उतरल्या. मला वाटलं, केळीचं पान तोडायला चालल्या असतील. त्या विहिरीपाशी क्षणभर थांबल्या, सडलेल्या कोरफडीच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि वळल्या थेट उंच कोपऱ्याकडे!

बाळंतिणीच्या दारावर कोरफड उलटी टांगायची आमच्याकडे रीत. मुळासकट उपटायची, धुवायची, हळदकुंकू लावायचं आणि काळ्या दोऱ्यानं चौकटीला मुळं वर, पानं खाली अशी बांधायची. आत काही वाईट शिरू नये म्हणून. एकदा बांधली की सव्वा महिना तिला हात लावायचा नाही. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात चमकलं आणि मी किंचाळले.

"अहो, नको! ती माझी आहे!"

सुनेनं सासूवर ओरडायचं! तेही बाहेरची असताना! शेजारच्या परसातल्या बायका कुंपणाशी आल्या. मी कांबळ्यावर उभी राहिले, पुढे धावावं तर शिवाशिव होईल, आत वन्सं अडलेल्या. हात पुढे करून नुसती नाचत होते मी. सासूबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. कोयता दोन-तीनदा चालला. मग दोन्ही हातांनी बुंधा धरून त्यांनी हिसका दिला, आणि माझी दोन पावसाळ्यांची कोरफड मुळांसकट वर आली. कौलांचे तुकडे खळखळ खाली पडले.

डोळ्यांदेखत दारावर टांगली. खाली मुंडी, वर पाय. मी गुडघ्यांत तोंड घालून रडत होते आणि तासाभरानं आतून बाळ रडलं. मुलगी झाली. वन्सं सुखरूप. मला आनंद झाला हो, झाला, खोटं कशाला बोलू? पण डोळे पुसून वर पाहिलं की समोर तीच!

चौथ्या दिवशी न्हाऊन मी आधी दारापाशी गेले. माझ्या डोक्यावरच तोंडं लोंबत होती. हात वर केला असता तर दोरा तुटला असता. पण आत ओलं बाळंतपण, वन्सं कुशीवर निजलेल्या, ते कापसाएवढं पोर. कशी काढू? आणि काढून उद्या पोराला शिंक जरी आली असती तरी जन्मभर मीच! मी हात खाली घेतला.

सासूबाईंशी मी बोलणं टाकलं. म्हणजे हो-नाही चालायचं, पण पुढचं काही नाही. मुद्दाम केलंन्, मनात एकच घोकत होते. माझं खरं ठरू नये म्हणून केलंन्. स्वारीला म्हटलं, तर स्वारी म्हणे, "अगं, घायपात होतं ते, जाऊ दे." असा संताप आला की त्या रात्री वाढताना आमटीत मीठ घालायला मी विसरले. विसरले म्हणजे विसरले नाही.

बारसं झालं. कोपरा रिकामा, मामंजी काठीनं गोठ्याची मापं घेत हिंडत होते. मी रोज दाराखालून जाताना मान खाली घालायची. पण सवय वाईट. एका सकाळी मान वर गेलीच.

पानं थोडी आकसली होती, कडेनं तांबूस झाली होती, पण वाळली नव्हती. इतक्या दिवसांत, ना माती ना पाणी, आणि वाळली नव्हती! आणि एका तोंडातून, पानांच्या बगलेतून, काहीतरी बाहेर डोकावत होतं. हिरवट, चपटं, बोटाच्या पेराएवढं. मी पाट आणला, त्यावर चढले, डोळे चोळले. पान नव्हतं ते. दाते नव्हते त्याला.

"काय बघत्येस?" आतून वन्संनी विचारलं.

"काही नाही!" म्हटलं, आणि पाटावरून घाईनं उतरताना पडलेच असते.

दोन दिवसांत ते बोटाएवढं झालं. चार दिवसांत वितीएवढं! आणि गंमत ऐका, झाड खाली डोकं करून लोंबतंय, पण त्या दांड्यानं मात्र वळण घेतलं आणि तो सरळ वर निघाला, आभाळाकडे. त्याला कुणी सांगितलं वर कुठे ते? मी स्वारीला ओढत आणलं. स्वारी म्हणाली, "कोंब असेल." दुसऱ्या सकाळी आपणहून येऊन बघून गेली. तिसऱ्या सकाळी डबा हातात घेऊन दाराखाली इतका वेळ उभी राहिली की गाडी गेली निघून! मालधक्क्यावर बोलणी खाल्ली असतील, पण मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वन्सं आतून रोज विचारायच्या, "वैनी, आज किती?" मी विती मोजून सांगायची. बाळकुमची बाई परसात उभी राहून तोंडावर हात ठेवून म्हणाली, "गो बाय गो! टांगलेला दांडा फुलतंय का काय?" सगळं घर त्या दाराशी. एकट्या सासूबाई आपल्या धुरीची शेगडी घेऊन खालून जायच्या-यायच्या, वर बघायच्या नाहीत.

भोगीच्या दिवशी सकाळी उन्हं पडवीत आली आणि दांड्याच्या खालच्या बाजूच्या कळ्या उघडल्या. लांबट नळ्यांसारखी फुलं, पोवळ्याच्या रंगाची, टोकाशी हिरवी किनार, दांड्याभोवती खाली माना घालून. वर अजून किती कळ्या मिटलेल्या! माझ्या माहेरच्या कोरफडीला पिवळी यायची, अगदी अशीच, रंग तेवढा वेगळा. मी ओरडले नाही. ओटीवर गेले, उंबऱ्याशी उभी राहिले आणि म्हटलं, "मामंजी, जरा मागे येता का?"

मामंजी आले. चष्मा लावला, पाटावर चढले, स्वारीनं हात धरला. बराच वेळ पाहिलं. घायपात दहा-दहा वर्षं फुलत नाही आणि फुलतं ते पुरुषभर उंच खांबानं, आणि मग मरतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी एका फुलाला बोट लावलं, चष्मा काढला, पुसला.

"कोरफड आहे," ते म्हणाले. "सूनबाईंचं बरोबर होतं."

स्वारीच्या देखत! वन्संच्या देखत! कुंपणापलीकडच्या बायकांच्या देखत! मी लुगड्याचा पदर तोंडात कोंबला आणि माजघरात पळाले. कोठीच्या अंधारात एकटीनं दोन फुगड्या घातल्या. खरंच घातल्या. कुणाशी घातल्या ते विचारू नका.

संक्रांत झाली, सव्वा महिना भरला. वन्सं न्हाल्या, कोरफड उतरवायची वेळ आली. सासूबाईंनी ती दोन्ही हातांनी उतरवली, हळूच, फुलाचा दांडा सांभाळून, आणि माझ्यापुढे धरली. "लाव पुन्हा. जागा आहे आता तुझी."

मी घेतली. इतक्या दिवसांचं कोंडलेलं तोंडावाटे निघालं. "तुम्हाला काटे नको होते ना? मग घायपातच बांधलंत म्हणायचं लेकीच्या दारावर?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. जरा नवल वाटल्यासारखं.

"अगो," त्या म्हणाल्या, "लेक आत अडलेली, पहिलटकरीण. तिच्या दारावर मी घायपात बांधीन होय?"

मी कोरफड पोटाशी धरली.

"तू ते पान चिरलंस ना, त्याच दिवशी चीक जिभेला लावून पाहिला मी, आत जाऊन. कडू जहर. रात्रीपर्यंत तोंडाची कडू चव गेली नाही. कोरफडीशिवाय असं कडू काय असतं?" त्यांनी हाताची हळद पदराला पुसली. "आणि फळीवर सरपणामागं बघ जा."

मी गेले. सरपणामागे, जिथे मी तो दुसरा दांडा रागानं फेकला होता तिथेच, तीन फांद्या ओळीनं ठेवलेल्या होत्या. कोयत्याचे ते दोन-तीन घाव! मी कांबळ्यावर नाचत होते तेव्हा त्यांनी आधी फांद्या उतरवून घेतल्या होत्या. तिन्हींच्या जखमा सुकलेल्या, आणि तिन्हींना पांढऱ्या मुळ्या फुटलेल्या.

त्या तीन फांद्या ओच्यात घेऊन मी परत आले. डोळ्यांना धार लागली होती. "तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," मी म्हटलं. "मामंजी निवडुंग म्हणत होते, हे घायपात म्हणत होते, मी एकटी भांडत होते. मग तुम्ही बोलला का नाहीत?"

सासूबाई खाली वाकून शेगडीतली राख सारखी करत होत्या.

"मला विचारलं कुणी?"

दोन वर्षं मी त्याच दारातून आत-बाहेर करत होते. मामंजींना विचारलं, स्वारीला विचारलं, बाळकुमच्या भाजीवालीलासुद्धा विचारलं. खरंच, त्यांना मीही विचारलं नव्हतं.